दोन ठिपक्यांचं अस्वल

आमची आत्या खेळण्यांच्या कारखान्यात तीस वर्षं डोळे रंगवतेय. मी तिच्या शेजारीच खोकी भरते. नव्या डिझायनरने तिच्यापुढे आपला नवा खेळण्यातला शिपाई रंगवायला ठेवला. पापण्या, सुरकुत्या, बुटांच्या नाड्यासुद्धा! आत्याने बारीक कुंचल्याने सगळं बिनचूक रंगवलं.

डिझायनर खूश झाला. "नाहीतर तुमचं ते जुनं अस्वल! डोळे म्हणजे नुसते दोन ठिपके. ते काय, कुणीही काढेल."

"काढ की," म्हणत आत्याने कुंचला त्याच्या हातात दिला.

पहिलं अस्वल चकणं झालं, दुसरं रागीट, तिसरं झोपाळू. जेवणाची सुट्टी झाली तरी गडी ठिपकेच देत बसलेला. शेवटी आत्याने एक कोरं अस्वल घेतलं, श्वास रोखला आणि कुंचला दोनदा टेकवला. अस्वल आमच्याकडे बघायला लागलं.

"शिपायाची चूक नाड्यांत लपते रे," आत्या म्हणाली, "याच्यात लपायला जागाच नाही."