दळवीबाईंची गाळणी

दळवीबाई संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून माणसं मोजायच्या. पडद्यावर ठसे उमटतात म्हणून आमच्या विभागात सगळे कुरकुरायचे, पण बाईंना त्याचं काही नव्हतं. यादी कितीही लांब असो, त्या वरून खाली बोट सरकवत ओठांतल्या ओठांत पुटपुटत जायच्या, आणि मधे कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आकडा तर खाली आपोआप येतो, असं मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सुचवून पाहिलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "यंत्राला मोजू दे रे. मी कोण कोण आहे ते वाचतेय," म्हणाल्या, आणि माझ्यामुळे चुकलेली मोजणी पुन्हा सुरू केली.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आम्ही कामाला होतो. तिथल्या डॉक्टरांपासून आयांपर्यंत प्रत्येकाचं संगणकात एक खातं असे, आणि त्या सगळ्या खात्यांची मिळून एक वही, तिला डिरेक्टरी म्हणायचं. कोण कुठल्या विभागातलं, शेवटचं आत कधी शिरलं, खातं चालू आहे की बंद, सगळं त्यात. खातं बंद असेल तर नर्सला साधी सलाईनची बाटलीही मागवता येत नाही. ही वही बाईंच्या ताब्यात होती. लालबागच्या चाळीत वाढलेली ही गिरणी कामगाराची मुलगी टायपिस्ट म्हणून लागली होती, आणि बाकीचे टायपिस्ट संगणक आला म्हणून गळा काढत असताना हिने आलेल्या इंजिनियरांना चहा पाजून पाजून त्यांची विद्या काढून घेतली होती.

मी इंजिनियर, तोही गिरगावातला, म्हणजे शहाणपणात कमी कशाला असेन! पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "आपल्याकडे माणसं किती आहेत, काढून दाखव." मी डिरेक्टरीला प्रश्न टाकला, 'युजर' असतील तेवढे सगळे दे, आणि क्षणात भलामोठा आकडा हजर केला. बाई खो खो हसल्या. "एवढी माणसं असती तर मला कॅन्टीनमध्ये बसायला खुर्ची मिळाली असती का?" डिरेक्टरीच्या लेखी संगणकसुद्धा युजरच असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी वॉर्डावॉर्डातली यंत्रं, अगदी शवागारातला जुना डबासुद्धा, कर्मचाऱ्यांत धरला होता. त्या दिवशी बाईंनी मला त्यांचे तीन प्रश्न पाठ करून घेतले. हा माणूस आहे का? आहे तर अजून कामावर आहे का? कामावर आहे तर मग दिसत का नाही?

पहिले दोन प्रश्न कंसात घालून यंत्राला विचारता येत; अशा कंसातल्या प्रश्नाला आमच्या धंद्यात गाळणी म्हणतात. तिसऱ्यासाठी बाई फेरी काढत. महिन्यातून एकदा, बरेच दिवस न वापरलेल्या खात्यांची यादी छापून घेऊन त्या प्रत्येक मजल्यावर जायच्या. तिथे मेट्रनशी, वॉर्डबॉयशी, लिफ्टमनशी बोलायच्या. हिच्या सासूचं कसं आहे, त्याचा मुलगा दहावीला ना, अशा चौकशा करता करता यादीवर खुणा व्हायच्या. एकदा एका नर्सचं खातं पाच महिने न वापरलेलं दिसत होतं आणि मी ते काढून टाकायला निघालो होतो. "बाळंतपणाला गेलीय ती," बाई म्हणाल्या. "बाळंतीण परत येते तेव्हा आधीच तिचा जीव घरी अडकलेला असतो. त्यात तिला दारात उभं करू नये." आणि कुणाचंही खातं पुसून टाकायचं नाही, फक्त बंद करायचं, हा त्यांचा दंडक होता. बंद केलेलं उघडता येतं.

शिकवणं मात्र प्रेमळ वगैरे नव्हतं. प्रश्न लिहिताना एखादा कंस उघडा राहिला की त्या ओरडायच्या, "दार सताड टाकून बाजारात जातोस काय रे?" 'नसलेले' असं सांगायला जी उद्गारचिन्हासारखी खूण असते, तिच्यापुढे तर बाई हात जोडायच्या बाकी राहत. "ही भवानी फार वाईट. एवढीशी उभी रेघ आणि खाली टिंब, पण भल्याभल्यांना घरी बसवते." मला तेव्हा हे सगळं जरा अतीच वाटे. फेरीचा तर कंटाळाच यायचा. एका ओळीत होणाऱ्या कामासाठी सात मजले कशाला चढायचे, असं मी मित्रांना सांगून हसत असे.

मग शिमग्याला बाई आठ दिवस गावी गेल्या आणि नेमकी तपासणीवाल्यांची चिठ्ठी आली, की तीन महिन्यांत न वापरलेली सगळी खाती शुक्रवारपर्यंत बंद करावीत. माझी नोकरी अजून कच्ची होती. कायम होण्याचा निर्णय दोन महिन्यांवर आला होता आणि ही छाप पाडायची संधी चालून आली होती. मी झकास प्रश्न लिहिला. माणसं असलेली, खातं चालू असलेली, आणि तीन महिन्यांत आत न शिरलेली. शिवाय, एकदाही आत न शिरलेली. ती तर नक्कीच फुकटची, नाही का? यादी आली, कंस बरोबर होते. मी ती न वाचता, फेरी न काढता, सगळी खाती एका झटक्यात बंद केली आणि वर अधीक्षकांना तसं कळवून मोकळा झालो.

सोमवारी बाई कुळथाचं पीठ घेऊन हजर झाल्या, आणि त्यांच्या मागोमाग पांढऱ्या गणवेशातल्या बारा मुली तावातावाने आत आल्या. नव्या नर्सेसची तुकडी त्या दिवशी रुजू होत होती. त्यांची खाती बाईंनी गावी जाण्याआधीच तयार करून ठेवली होती, आणि साहजिकच त्यातली एकही कधी वापरली गेली नव्हती. कधीच न आलेल्यांत अजून यायचे असलेलेही असतात, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रुजू झाल्याची नोंद ज्याने त्याने आपल्या खात्यातूनच करायची, आणि तीही पाचच्या आत. नाहीतर नेमणूक प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार.

बाईंनी पीठ माझ्या टेबलावर ठेवलं. खुर्ची ओढली आणि अर्ध्या तासात खाती उघडून दिली. मग पडद्यावरून बोट फिरवलं, समोरच्या मुली मोजल्या आणि म्हणाल्या, "तेरावी कुठाय?"

तेरावी सकाळी आठलाच येऊन गेली होती. सुप्रिया नाव, कुडाळकडची. खिडकीवरच्या कारकुनाने तिला सांगितलं होतं, "तुमचं खातं बंद केलंय. वरूनच काहीतरी झालं असेल." निवडीत तिचं नाव सगळ्यांत शेवटचं होतं. तिला वाटलं, आपली निवड रद्द झाली. कुणाला न विचारता ती निघून गेली. फोन बंद. मेट्रनच्या कागदांत वडाळ्याच्या मावशीचा पत्ता मिळाला.

"चल," बाई मला म्हणाल्या.

"मी?"

"मग काय मी एकटी जाऊ? दार तू लावलंस ना?"

टॅक्सीत मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच गप्प केलं. "माझ्याकडे कशाला मागतोस? पुढे मागायचीय, ती जपून ठेव."

मावशीच्या दारात बाई एकदम मालवणीवर आल्या. "चेडू खय असा?"

"आत असा," मावशी म्हणाली. "गावाक जातंय म्हणता. रात्रीची गाडी असा."

सुप्रिया पिशवीत कपडे भरत होती. रडून रडून डोळे सुजले होते. बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "तुझा नाव यादीत असा गो बाय. कोणी काढूक नाय. ह्या झिलान चुकून बंद केल्यान." आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सांग तिला."

मी सांगितलं. सगळं, कंसांसकट. आयुष्यात इतकं अडखळून मी कधी बोललो नव्हतो. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं. माझा नंबर होता ना तुमच्याकडे?" मी टॅक्सी आणायला धावलो.

पाचला पंचवीस मिनिटं असताना ती रुजू झाली.

अधीक्षकांनी बाईंकडून या प्रकरणाचा लेखी अहवाल मागवला. तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाकिटात घालून वर पाठवला. मला दाखवला नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. आता आपलं काही खरं नाही, असं धरून मी दुसरीकडे अर्जही टाकले. त्यानंतर मात्र प्रत्येक फेरीला मी यादी घेऊन बाईंच्या मागे मजले चढलो, तेही कुणी न सांगता. दोन महिन्यांनी मला कायम केल्याचं पत्र आलं. अधीक्षक दयाळू निघाले, असं मला वाटलं. त्याच महिनाअखेरीस बाई निवृत्त झाल्या आणि देवगडजवळ गावी राहायला गेल्या.

वर्षभराने रजेचं काही शोधताना माझी फाईल हातात आली आणि तिच्यात बाईंचा तो अहवाल होता. बाईंनी तो हाताने लिहिला होता, टायपिस्ट असूनही. चार वाक्यं होती.

'सदर कर्मचाऱ्याकडून गंभीर चूक झाली आहे. त्याने ती ज्या मुलीबाबत झाली तिच्यासमोर जाऊन, काहीही न लपवता कबूल केली. चुकीनंतर माणूस कसा वागतो हे चाचणीत दिसत नाही, मी पाहिले आहे. यास कायम करावे, ही माझी विनंती आहे, आणि पुन्हा असे झाल्यास माझ्या निवृत्तिवेतनातून जबाबदारी घेण्यास मी तयार आहे.'

मी खाली जिन्यात जाऊन त्यांना फोन लावला. बोलायचं खूप होतं, पण "बाई, अहवाल वाचला," एवढंच म्हणता आलं.

"बरं मग?" पलीकडून आवाज आला. "सुप्रिया कशी आहे?"

मला माहीत नव्हतं. ती कुठल्या वॉर्डात आहे, हेसुद्धा मी वर्षभरात विचारलं नव्हतं.

"जाऊन बघून ये," बाई म्हणाल्या. "मी फोन धरून ठेवते."