गोठ्यातला एसी

चाकणच्या पुढे, विजेचा खांब अजून पोहोचला नाही अशा एका मळ्यात मी सोलरच्या कामाला गेलो होतो. जुन्या पॅनलवर तिथे दिवे आणि पंखा चालत होता. मालकांना आता एसी लावायचा होता. पांढरी टोपी, भरघोस मिशा. प्रत्येक वाक्याआधी ते मिशीवरून पालथी मूठ फिरवत. मी टेप घेऊन घराकडे वळलो, तर म्हणाले, “तिकडं न्हाई राव, गोठ्यात.”

गोठ्यात त्यांचा शर्यतीचा बैल उभा होता, पांढराशुभ्र, शिंगं तेलानं चकाकणारी.

“एसी बैलाला?”

“मग? घाटात शर्यतीला मी पळतो व्हय?”

मी अंगणात उंच सांगाडा उभारून पॅनल वाढवले, बॅटऱ्या वाढवल्या, इन्व्हर्टर मोठा बसवला. त्यांनी आधी बैलाला हळदकुंकू लावलं, मग एसीला. नारळ फोडला, दार लावलं. गार झोत आला तसा बैल दाराला धडका देऊ लागला. दार उघडताच तो थेट नव्या पॅनलच्या सावलीत जाऊन बसला, रवंथ करत. चुचकारलं, गूळ दाखवला, तरी हलेना.

माझा चेहरा पडला. ते मात्र खदखदून हसले. गोठ्यात घोंगडी अंथरून एसीखाली ऐसपैस आडवे झाले आणि मिशीवरून मूठ फिरवत म्हणाले, “त्याला पॅनल, मला एसी. आमच्या घराण्यात भांडणाबिगर झालेली ही पयलीच वाटणी हाय!”