खांद्यातली काकूबाई

हजेरीपुस्तकात त्यांचं नाव होतं, पण ते तिथेच राहिलं. कटिंगच्या हॉलमध्ये, शिलाईच्या मशीनवर, दुकानांत, घराशेजारीसुद्धा त्या टेपताई. गळ्यात पिवळी टेप, दोन्ही टोकं पुढे लोंबणारी. एका टोकाची पत्र्याची पट्टी कधीच गळून पडली होती आणि तिच्याबरोबर पहिला पाव इंचही गेला होता. तो पाव इंच त्या मनात धरून मोजत. दुसऱ्या कोणी त्यांची टेप उचलली तर माप हमखास चुकायचं, आणि टेपताईंना त्याचं फारसं वाईट वाटत नसे.

एकविसाव्या वर्षी त्या कंपनीत लागल्या. तेव्हा कंपनी म्हणजे दोन दुकानं आणि एका छापखान्याच्या वरचा लांबलचक हॉल. माल बायकांचा: टॉप, स्कर्ट, पँट, जाकीट. ना स्वस्त, ना महाग. त्या काळी अंगाबरोबरचा कपडा हवा तर शिंप्याकडे माप द्यायचं, चार खेपा घालायच्या आणि तो देईल तो अवतार घालायचा. इथे मात्र टेलिफोन खात्यातल्या, दवाखान्यातल्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुली जेवणाच्या सुट्टीत दोघी-दोघीने यायच्या, काचेतल्या पुतळीकडे बघायच्या आणि आत येऊन "तिच्या अंगावरचा द्या" म्हणायच्या. पुतळीची करंगळी तुटलेली होती, म्हणून तिच्या हातात कायम पर्स. पर्सची फॅशन त्या करंगळीमुळे आली, असं मालक, म्हणजे मोठे साहेब, सांगत.

तीन वर्षांनी मोठ्या साहेबांनी टेपताईंना एम साइजचा नवा फर्मा काढायला सांगितला. फर्मा म्हणजे जाड तपकिरी पुठ्ठ्याचा साचा. तो कापडावर ठेवायचा, खडूने कड आखायची आणि कापायचं. टेपताईंनी दुकानात येणाऱ्या अकरा जणींची मापं घेतली, सरासरी काढली आणि वर थोडं मन मोठं केलं. "बाई दिवसभर उठते, बसते, जेवते. कपड्याला ते कळायला नको?" असा त्यांचा हिशेब. त्या फर्म्यावरून आधी एल निघाला, मग एस, मग बाकीचे. हॉलच्या भिंतीवर ते खिळ्यांना टांगलेले असत. खिडकी उघडली की एकमेकांवर आपटून टपटप वाजायचे.

पुठ्ठा जुना झाला की टेपताई त्यावरून हुबेहूब नवा कापत. अशा पुठ्ठ्यांच्या सात पिढ्या झाल्या. दोन दुकानांची बावीस झाली. एम घेणाऱ्या मुली एल घेऊ लागल्या, एलवाल्या एक्सएल. त्यांच्या लेकी सोबत यायच्या, ट्रायल रूमबाहेरच्या स्टुलावर बसून फोनमध्ये बघायच्या आणि "झालं का गं आई" म्हणायच्या. टेपताईंची स्वतःची लेक बँकेत लागली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी दोन टॉप आणले. लेकीने ते उलटेपालटे करून पाहिले, शिवण छान आहे म्हणाली आणि कपाटात ठेवले. ते तिथेच राहिले.

मोठे साहेब थकले आणि कारभार सूनबाईंकडे आला. वय बत्तीस, शिक्षण याच विषयातलं, बोलणं मऊ. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी काहीच बदललं नाही, नुसत्या दुकानांतून हिंडल्या. मग एक दिवस वरच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. कॉलेजातल्या आणि नव्याने नोकरीला लागलेल्या दोनशे मुलींना आपल्या कपड्यांचे फोटो दाखवून, मनात येईल तो एक शब्द लिहायला सांगितला होता.

"काय लिहिलंय?" टेपताईंनी विचारलं.

सूनबाईंनी गठ्ठाच पुढे सरकवला. टेपताईंनी वरचे दहा-बारा कागद चाळले. दोघींनी 'टिकाऊ' लिहिलं होतं. एकीने 'शाळेतल्या बाई'. बाकी सगळीकडे एकच शब्द: काकूबाई.

"काकू घालतात म्हणून काकूबाई दिसतो," टेपताई म्हणाल्या. "या मुलींनी घातला असता तर नसता दिसला."

"पण त्या घालत नाहीत ना, टेपताई."

"तेही खरंच."

"आणि काकूंनाही काकूबाई दिसायचं नसतं. मी बेचाळीसची होईन तेव्हा मला नसेल दिसायचं."

शिलाईचे मुकादम खाली बघून हसले. टेपताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खोकले.

ठरलं ते असं. नवा टॉप, नवा कट, फर्मा संगणकावर काढलेला. पहिली खेप दोनशेचाळीस नगांची, पाच दुकानांत, तीन आठवडे. चालला तर भिंतीवरचे सगळे पुठ्ठे उतरवायचे आणि पुढचं सगळं संगणकावर. नाही चालला तर पुन्हा बसून विचार. टेपताईंच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. भिंत आपल्या डोळ्यांदेखत रिकामी होणार की नाही, एवढाच त्यांच्यापुरता प्रश्न होता, आणि तो सोडवणार होत्या बाजारातल्या अनोळखी बायका. कापायचं काम मात्र त्यांच्याच टेबलावर आलं.

चूक तिथे झाली.

जुन्या पुठ्ठ्याला माया धरलेली नसे. माया म्हणजे शिवणीत दाबायला आणि पुढेमागे उसवून कपडा सैल करायला ठेवलेलं जास्तीचं कापड. पुठ्ठ्याची कड आखली की बाजूच्या शिवणीला आणि बाहीला इंचभर माया सोडून कापायचं, हे हॉलमध्ये कोणी कोणाला सांगत नसे. हात सांगायचा. संगणकाच्या कागदावर मात्र माया आधीच मिळवलेली होती, तीही अर्धा इंचच. कागदाच्या कोपऱ्यात तसं बारीक अक्षरांत छापलं होतं. टेपताईंनी कागद पसरला, कड आखली, इंचभर सोडलं आणि कात्री चालवली. बाकीच्यांनी त्यांचं बघून कापलं. मशीनवाल्यांना नवी सूचना होती, काठापासून अर्ध्या इंचावर टीप घाला. त्यांनी ती तंतोतंत पाळली. दर कडेला एक इंच जास्त, पुढच्या भागाच्या दोन आणि मागच्या दोन, अशा चार कडा. टॉप छातीत चार इंच मोठा झाला.

तपासणीच्या टेबलावर दोघी जणी होत्या, दोघी जुन्या. त्यांच्याही लक्षात आलं नाही. आपला टॉप म्हटल्यावर डोळ्यांना जेवढा दिसायला हवा, तेवढाच तो दिसत होता. हल्ली जास्त खपायचा तो एक्सएल, आणि डोळे त्याच्यावरच तयार झालेले.

तीन आठवड्यांसाठी ठेवलेला माल नवव्या दिवशी संपला. दुकानांतून फोनवर फोन. सूनबाई हॉलमध्ये आल्या आणि पेढे वाटल्यासारखी बातमी सगळ्यांना सांगून गेल्या. जाताना टेपताईंपाशी थांबल्या. म्हणाल्या, "तुमच्या हाताने कापला म्हणून." त्यांना ते मनापासून म्हणायचं होतं. टेपताईंनी भिंतीकडे पाहिलं आणि बरं म्हणाल्या.

त्या रविवारी त्यांची धाकटी बहीण आली. वय बावन्न, अंगाने भरलेली, बोलायला फटकळ. अंगात तो नवा टॉप. गडद हिरवा. दारातच गिरकी घेतली.

"ओळख बघू साइज."

"एक्सएल. तुला आणखी काय होणार?"

"एम."

"उगीच फेकू नकोस."

"लेबल बघ. ट्रायल रूममध्ये तीनदा बघितलं मी. बाहेर आले तर आणखी दोघी आपापलं लेबल बघत उभ्या."

"अगं, आपल्या एममध्ये तुझा एक दंड बसेल जेमतेम."

"जळ, जळ. छत्तीस वर्षं तिथे घासतेयस, पण बहिणीला बारीक करायला त्या सूनबाईला यावं लागलं."

टेपताईंचे यजमान पेपरमागून म्हणाले, "मेहुणीबाई खरंच बारीक दिसतायत हो." तोवर टेपताईंनी खुंटीवरची टेप काढली होती. बहिणीची छाती त्यांना पाठ होती, एकेचाळीस. टॉप मोजला, चव्वेचाळीस. आतली शिवण उलटून पाहिली, अर्धा इंच. मग त्या टेप हातात धरूनच खुर्चीवर बसल्या.

"काय झालं? डाग आहे का?" बहिणीने विचारलं.

"नाही. शोभतोय तुला."

आणि तो खरंच शोभत होता, ही त्यातली अडचण होती. बहीण गेल्यावर टेपताईंनी सगळं लेकीला सांगितलं. लेक बँकेतली, तिने सरळ बेरीज-वजाबाकी केली.

"गप्प बसलीस तर नवा फर्मा पास, तुझे पुठ्ठे रद्दीत. बोललीस तर दोनशेचाळीस नग चुकीचे कापले म्हणून नाव जाणार. तेही शेवटच्या वर्षी."

"छत्तीस वर्षांत एक लॉट परत आला नाही माझा."

"हाही कुठे आलाय? कोणाची तक्रार नाही. बसू दे ना तसंच."

"तसंच कसं? उद्या हजाराचा लॉट कापतील, कागदाप्रमाणे. मग तो कोणालाच बसणार नाही, आणि ती पोर डोकं धरून बसेल."

'ती पोर' म्हणजे सूनबाई. आईने त्यांना असं म्हटलेलं लेकीने पहिल्यांदाच ऐकलं.

सोमवारी टेपताईंनी बहिणीचा टॉप पिशवीत घालून नेला. सूनबाईंच्या खोलीत न जाता त्यांनाच खाली हॉलमध्ये बोलावलं. टेबलावर कागद पसरला, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. माफी मागितली नाही. "चूक माझी. बाकीच्यांनी माझं बघून कापलं," एवढंच म्हणाल्या. हॉलमधल्या कात्र्या थांबल्या होत्या.

सूनबाईंनी टॉप हातात घेतला. "म्हणजे खपला तो माझा कट नव्हेच."

"अर्धा तुमचा. थांबा."

टेपताईंनी भिंतीवरून जुना एक्सएलचा पुठ्ठा काढला आणि टॉप त्यावर पसरला. बाजूच्या कडा जवळजवळ जुळल्या. गळा नव्याचा खोल होता, ते दोघींनाही आधीच माहीत होतं. पण खांद्याशी पुठ्ठा टॉपच्या बाहेर आला होता, दोन्हीकडे चांगला इंचभर. टेपताई वाकून त्या इंचाकडे बघत राहिल्या.

तो खांदा त्यांनी पहिल्या एमवर काढला तेव्हा कपड्यांच्या खांद्यांत पॅड घालायची चाल होती. फोमचे, अर्ध्या भाकरीएवढे पॅड, गोणी भरभरून हॉलमध्ये यायचे. दुपारी जेवून झालं की पोरी त्याच गोण्यांना टेकून डुलक्या काढत. पॅड घातलेला टॉप चढवून टेलिफोन खात्यातली एखादी मुलगी आरशासमोर उभी राहिली की खांदे ताठ, मान वर, जणू साहेबालाच झापायला निघाली आहे. पाच-सहा वर्षांत ती फॅशन गेली. पॅड यायचे बंद झाले, गोण्या कोणीतरी उशांसाठी घरी नेल्या. खांदा मात्र पुठ्ठ्यावर तसाच राहिला. एका पुठ्ठ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, हुबेहूब. आत टेकू नाही, म्हणून तो दंडावर ओघळायचा आणि घालणारी दमलेली दिसायची. एकाही गिऱ्हाइकाने कधी तक्रार केली नव्हती. त्यांना वाटत असे, आपलेच खांदे पडले.

"काकूबाई इथे आहे," टेपताई म्हणाल्या आणि पुठ्ठ्याच्या खांद्यावर खडूने फुली मारली. "बाकी अंगात नाही. अंग बरोबर आहे."

"म्हणजे त्या मुली बरोबर लिहीत होत्या."

"त्यांना दिसलं. कुठे ते नाही सांगता आलं. मलाही कुठे दिसलं?"

सूनबाई टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. मग त्यांनी खडू मागितला नाही, कात्री मागितली, आणि ती टेपताईंच्या हातात दिली. टेपताईंनी पुठ्ठ्याचा खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्याने कापला. पुठ्ठ्याच्या दोन चिंचोळ्या कातरणी खाली पडल्या, त्या संध्याकाळी झाडल्या गेल्या.

महिन्याभरात भिंत रिकामी झाली. पुठ्ठे संगणकात गेले, पण आकार टेपताईंचा, खांदा आणि गळा नवा. अंगाबरोबर बसणारा एक वेगळा कट मुलींसाठी निघाला, तोही बरा चालतो. टेपताईंच्या लेकीने त्यातला एक आपणहून घेतला आणि आईला सांगितलं नाही. टेपताईंना तो वाळत घातलेला दिसला.

भांडण झालं ते शेवटी लेबलावरून. टेपताईंचं म्हणणं, चव्वेचाळीस इंचाच्या टॉपला एम म्हणणं ही लबाडी आहे, एक्सएल छापा. सूनबाईंचं म्हणणं, ट्रायल रूममध्ये तीनदा लेबल बघणारी बाई एक्सएल वाचून टॉप परत टांगते.

"माप खोटं सांगायचं आणि वर हसायचं, हे मला जमणार नाही," टेपताई म्हणाल्या.

"तुम्ही तुमच्या टेपचा पाव इंच मनात धरताच ना?" सूनबाई म्हणाल्या. "बायकांनाही थोडं धरू द्या."

टेपताई दोन दिवस अडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी तोडगा निघाला. मानेशी एम. आणि आत, डाव्या बाजूच्या शिवणीत, धुण्याच्या सूचनांच्याही खाली, छातीचं खरं माप इंचात. त्या निवृत्त झाल्या तरी ते अजून छापलं जातं. दुकानातल्या मुली सांगतात, आजवर एकाच बाईने ते शोधून वाचलं. ती गळ्यात पिवळी टेप घालून आत येते, मानेशी बघत नाही, टॉप सरळ उलटा करते.