चौदा वर्षांचा पाव्हणा

शिकवलेलं पोरांच्या डोक्यात किती राहतं देव जाणे, किस्से मात्र सगळे माझ्याकडंच साठत जातात. घरी सांगायला लागलो की बायको म्हणते, "सांगा, पण जेवताना नको!" म्हणून तुम्हाला सांगतो.

बेळगावातल्या एका डिग्री कॉलेजात मी 'करिअर डेव्हलपमेंट' शिकवतो. शिक्षण, नोकरी, बायोडाटा, इंटरव्ह्यू. तास शनिवारचा, सगळ्यात शेवटचा. तोवर पोरं दमलेली, मी त्यांच्याहून दमलेला. त्यात मी गेस्ट लेक्चरर, म्हणजे वर्षाच्या बोलीवर. ऑर्डर आली तर सर, नाही आली तर घरी! यंदा तर नवीनच काढलंय. जुन्या गेस्टांनीही नव्यानं इंटरव्ह्यू द्यायचा. त्याच नोकरीसाठी, चौदा वर्षांनी! पोरांना नोकरी कशी मिळवायची ते शिकवायचं आणि आपली टिकते का म्हणून घोर लावून घ्यायचा. कंटाळा आलाय हो.

सासुरवाडी सदलग्याची. तिथल्या एका लग्नात सासऱ्यांनी कौतुकानं ओळख करून दिली, "आमचे जावई. कॉलेजात गेस्ट हैत."

पंगतीतले एक आप्पा हातातला घास हातातच धरून म्हणाले, "गेस्ट म्हंजे पाव्हणं न्हवं?"

"व्हय."

"किती वर्षं झाली?"

"चौदा."

आप्पा सासऱ्यांकडं वळले. "कालिजवाल्यांचीच कमाल म्हणायची की! आमच्यात पाव्हण्याला तिसऱ्या दिवशी रानात कामाला लावत्यात!"

सगळी पंगत हसली. मीही हसलो. घरी येईपर्यंत ते काही डोक्यातनं गेलं नाही.

वर्गात आम्ही मॉक इंटरव्ह्यू घेतो, म्हणजे इंटरव्ह्यूची रंगीत तालीम. निपाणीचा संतोष समोर बसला. सहा फुटी गडी, कबड्डी खेळणारा. मी विचारलं, "व्हॉट इज युवर वीकनेस?"

गडी एकदम गंभीर झाला. "मागच्या महिन्यात आलता सर. टायफॉईड झालता न्हवं! दोन सलाईन लावली. आता काय न्हाय."

वर्ग हसून हसून लोळला. मी समजावलं, बाबा रं, वीकनेस म्हणजे अशक्तपणा नव्हे, स्वभावातली उणीव.

"असं व्हय?" त्यानं जरा विचार केला. "तसला तर कधीच आला न्हाय सर!"

जांबोटीच्या रेखाची वेगळीच तऱ्हा. पहिली बस धरली तर कॉलेजचं गेट उघडायच्या आधी येऊन पोचते, दुसरी धरली तर दोन तास बुडतात. म्हणून रोज पहिलीनंच यायची आणि बाहेर कट्ट्यावर बसून राहायची. शेवटी शिपाई बसप्पानं किल्लीच तिच्या हातात दिली. तिच्या बायोडाटात 'जबाबदारीची कामे' या मथळ्याखाली एकच ओळ होती: 'दोन वर्षे कॉलेज उघडले.'

मी म्हटलं, "हे खोड गं! प्रिन्सिपलांनी वाचलं तर बसप्पाची नोकरी जाईल."

"मग माझं काय राहिलं सर लिहायला?"

मी ती ओळ तशीच ठेवली.

वडगावच्या भारतीनं 'अनुभव' या रकान्यात लिहिलं होतं, 'नाही'.

"घरी माग हाय न्हवं तुमच्या?" मी विचारलं.

"दोन हैत सर. पॉवरलूम."

"कोण चालवतं?"

"मीच की. आठवीपासनं. आईला आता उभं ऱ्हायला होत न्हाय."

"मग अनुभव नाही असं कसं?"

"ते काम हाय सर. अनुभव म्हणजे ज्याचं सर्टिफिकेट मिळतंय ते!"

माझ्याकडं तसली चौदा सर्टिफिकेटं आहेत.

माझा इंटरव्ह्यू सोमवारी होता. त्याच्या आधीच्या शनिवारी तासाला गेलो तर दारातच थांबलो. टेबल फिरवून मांडलेलं, त्याच्यामागं तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीवर भारती, बाजूला संतोष आणि रेखा. समोर एक खुर्ची रिकामी.

"'मे आय कम इन' म्हणा की सर," संतोष म्हणाला. "आज तुमचा मॉक!"

म्हटलं. आत जाऊन बसलो. नाव झालं, शिक्षण झालं. पाठीमागं सगळा वर्ग चिडीचूप. भारतीनं समोरचा कागद उलटला.

"किती वर्षं शिकवताय?"

"चौदा."

"ह्याच कॉलेजात?"

"हो, मॅडम."

"मग चौदा वर्षांत तुम्हाला परमनंट का केलं न्हाय?"

मागनं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "ए भारते!" तिनं मान वळवली नाही. सोमवारी हेच विचारणार होते, तिचं काही चुकलं नव्हतं. मी मनातल्या मनात चार उत्तरं जुळवली. एकही तोंडातनं बाहेर पडेना.

संतोष हळूच पुढं वाकला. "सर, तुम्हीच सांगितलासा की. येत नसंल तर सरळ सॉरी म्हणायचं."

"सॉरी मॅडम," मी म्हटलं. "आय डोन्ट नो."

तिघांनी डोकी एकत्र करून कुजबुज केली. कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग भारतीनं तो कागद माझ्याकडं सरकवला. दहापैकी नऊ!

"एक कुठं गेला?" मी विचारलं.

"आय कॉन्टॅक्ट, सर," भारती म्हणाली. "शेवटच्या उत्तराला तुम्ही खाली बघितलासा."