कणसाच्या गाडीवरचा बंदोबस्त

मी पत्रकांवर वाढले. वडील देहूरोडला नोकरीला, युनियनचे पक्के. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, आणि छापील बाजूनं मराठी शिकले. ताईच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर वडिलांनीच लिहिला होता. शेवटची ओळ होती, ‘हजारोंच्या संख्येने सामील व्हा.’ सासरच्यांनी ती मनावर घेतली आणि जेवण कमी पडलं.

त्यामुळे अर्ज लिहायचा म्हटलं की माझ्या हातून काय लिहिलं जाणार, हे उघड होतं.

कुरवंड्याच्या वाटेवर, कड्याकडे जाणाऱ्या पर्यटकांसाठी एक मावशी कणसं भाजायच्या. रस्त्याकडेच्या विक्रेत्यांची सरकारी पाहणी होणार होती. जो जुना, त्यालाच नव्या रांगेत जागा, बाकीच्यांनी गाडी उचलायची. मावशी म्हणाल्या, “चोवीस वर्सं हितंच भाजत्येय. पन कागद न्हाई गं एकबी. धुराची पावती कोन देतंय?”

माझं रक्त तापलं. मी आणि माझी कॅमेरावाली मैत्रीण, दोघींनी ठरवलं, मावशींवर छोटी फिल्म करायची आणि पाहणीत तोच पुरावा म्हणून द्यायचा. मैत्रीण व्यवहारी. ती म्हणाली, “रस्त्यावर शूटिंगला परवानगी लागते.” मी म्हटलं, “रस्ता जनतेचा आहे.” ती म्हणाली, “कॅमेरा माझा आहे. तो जप्त झाला तर जनता देणारे का?”

मग मी अर्ज लिहिला. विषय: जनतेच्या रस्त्यावर जनतेचे चित्रीकरण. खाली दीड पान कष्टकऱ्यांच्या घामावर, आणि शेवटी वडिलांच्या हाताखाली पाठ झालेली ओळ: ‘आठ दिवसांत परवानगी न मिळाल्यास होणाऱ्या परिणामांस प्रशासन सर्वस्वी जबाबदार राहील.’ तहसील कचेरीतल्या कारकुनांनी तो वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. मला वाटलं, त्यांचं मतपरिवर्तन झालं.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी आम्ही थेट गेलो, तर मावशींच्या गाडीशेजारी पोलिसांची जीप उभी. हवालदार साहेब कणीस खात होते.

“मोर्चा कुठवर आलाय?” त्यांनी विचारलं.

“कसला मोर्चा?”

त्यांनी खिशातून माझ्याच अर्जाची प्रत काढली. “हे तुम्हीच ना? वरून आदेश आलाय, बंदोबस्त लावा. बाकीचे आंदोलक कुठंयत?”

“आम्ही दोघीच आहोत. आणि हा परवानगीचा अर्ज आहे हो!”

“असा?” त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. “मॅडम, माझ्या मुलीनं सहलीला जायची परवानगी अशी मागितली असती, तर मी घरातसुद्धा बंदोबस्त लावला असता.”

मैत्रिणीनं कॅमेरा काढला. त्यांनी हात आडवा केला. “शूटिंग नाही. परवानगी कुठंय?” मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी स्वतःचाच मोबाइल समोर धरला. “आंदोलनाचं शूटिंग मात्र आम्हाला करावंच लागतं. मावशी, जरा इकडं बघा. किती वर्षं आहात इथं?”

“चोवीस!” मावशी पदर सारखा करत म्हणाल्या.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळले. “आता एक घोषणा द्या. रिपोर्टला बरं दिसतं.”

जन्मभर घोषणा ऐकलेली मी! पण समोर पर्यटकांची गर्दी, हातात भजी, सगळे माझ्याकडेच बघतायत. एकही घोषणा आठवेना. शेवटी मावशीच ओरडल्या, “मीठ-लिंबू लावल्यालं गरम कनीस!”

“चालेल,” हवालदार म्हणाले आणि मोबाइल बंद केला.

आमच्या कॅमेऱ्यात काहीच आलं नाही. पण घरी येताना मैत्रिणीलाच सुचलं, पुरावा तर पोलिसांच्या रिपोर्टात आहे. माहितीच्या अधिकारात मी त्या रिपोर्टची प्रत मागवली. या अर्जाचा छापील फॉर्म होता, विशेषणांना जागाच नव्हती, म्हणून तो मंजूर झाला असावा. रिपोर्टात लिहिलं होतं: ‘गेली चोवीस वर्षे सदर ठिकाणी कणसे भाजणाऱ्या महिलेच्या गाडीजवळ दोन महिलांचे आंदोलन शांततेत पार पडले.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

पाहणीवाल्यांनी तो कागद उलटसुलट पाहिला आणि मावशींना रांगेत पहिली जागा दिली. मलाही पत्र आलं. आंदोलन संपल्यानं माझा अर्ज निकाली काढला होता.

वडिलांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि मग गंभीर होऊन म्हणाले, “दोनच जणी? निदान शेजारणींना तरी न्यायचंस.”

परवा गेले तर मावशींच्या शेजारचे सरबतवाले आबा माझीच वाट बघत होते. त्यांच्याकडेही कागद नव्हता.

“ताई, आमच्यासाटीबी लिवा की तसला रागाचा अर्ज,” ते म्हणाले. “आन् ती परिणामाची वळ तेवढी इसरू नका.”

मी तिथंच दगडावर बसून लिहायला घेतलं.