मावशी एकही पान गाळत नाही

सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. बाईसुद्धा, आणि बाई तर तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या! जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईंची नजर गेली, तेव्हा सुनेनं मावशीला सकाळी आठ ते चार ठेवलं. अंघोळ, औषधं, जेवण एवढंच ठरलं होतं. वाचन तिनं आपणहून अंगावर घेतलं. शिक्षण सातवी, अडखळायची, पण अक्षर गाळायची नाही. पानाचा आकडासुद्धा वाचायची.

"अगं, आकडे कशाला?"

"छापलेत ना? मग!"

बाई आठच्या आधीपासूनच कान टवकारून तिच्या चपलांची वाट बघत.

या खेपेची कादंबरी एका गुलाम बाईची. मालकीण तिच्याकडून केस विंचरून घेते, तिच्या मांडीवर डोकं ठेवून मनातलं बोलते आणि एका दुपारी तिला आपल्या अंथरुणात ओढते. औषधाची चिठ्ठी वाचावी तसं मावशीनं तेही पान खणखणीत वाचलं. स्वयंपाकघरात सुनेच्या हातून झारा पडला.

बाईंनी सुस्कारा टाकला. "किती जीव लावला गं तिनं मालकिणीला!"

"जीव? तिला नको म्हणता येत होतं का?"

"दार उघडंच होतं की. गेली नाही ती."

"जाणार कुठे? लेकरू मालकिणीच्या ताब्यात. मागच्याच प्रकरणात आहे. तुम्ही घोरत होता."

रोज पाठ चोळणारे, घास भरवणारे मावशीचे हात बाईंना आठवले. शेवटी धीर करून त्यांनी विचारलंच, "आणि तू गं? नुसती पगारापुरती येतेस?"

मावशीनं ओळीवरचं बोट हलवलं नाही. "पगार नसता तर आलेच नसते. खोटं कशाला बोलू? पण मला नाही म्हणता येतं. भाचीकडे निघाले तेव्हा तुम्ही तोंड फुगवलंत, तरी गेलेच ना? चार दिवस राहणार होते, दोनच राहिले. प्रकरण अर्धं होतं."

"म्हणजे कादंबरीसाठी आलीस!"

"एकटीनं वाचून भांडायचं कुणाशी?"

बाई खुदकन हसल्या. "बरं, वाच पुढे."

"नाही. घसा सुकलाय. आधी चहा."

त्या 'नाही'नं बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सुनेला हाक मारली, "दोन कप टाक गं! पहिला मावशीला दे."