पुंजा गवंड्याचा कट्टा

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर दगडविटा रचण्यात पुंजा गवंड्याची उमेदीची वर्षं गेली. पहाटे भाकरी बांधून घ्यायची, अंधार पडल्यावर परतायचं. सत्त्याहत्तर साली त्याची बायको मैना काविळीनं गेली.

गावचं मसण म्हणजे दारणेकाठचा उघडा माळ. धुरानं डोळे चुरचुरायला लागले, तशी माणसं सरणाकडं पाठ करून उभी राहिली. कवटी फुटल्याचा आवाज आला आणि सगळे भराभरा निघाले. मागं वळून बघायचं नसतं, पण पुंजानं बघितलं. पेटत्या सरणापाशी कुणीच नव्हतं.

ते चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. सुट्टीच्या दिवशी त्यानं माळावर काम काढलं. सरणाला ओटा बांधला, वर पत्रे घातले. वाऱ्याची दिशा बघून एका अंगाला काळ्या दगडाचा अर्धगोल कट्टा रचला. तिथं बसलं की धूर डोळ्यांत जात नसे आणि तोंड सरणाकडंच राही. बाभळींमागून बायांसाठी वाट काढली.

सरपंच खंडेराव म्हणाले, "बायांना मसणात कशाला रं वाट?"

"रडायला. घरात रडलेलं मेलेल्याला ऐकू जात नाय."

पहिली आली कुसाबाई. तिची लेक साप चावून गेली होती. ती रोज दुपारी येऊन बसायची. एक दिवस म्हणाली, "पुंजा, माझ्या शेजारचा दगड गरम लागतोय."

"उन्हानं असंल."

"सावली हाय की इथं."

पुंजानं हात लावला. नुकतंच कुणी उठून गेल्यावर राहते तशी ऊब होती. वीतभर पलीकडं दगड गार.

पुढं आणखी बायांना तसंच जाणवलं. भीती सरली. कुणी भुईमुगाच्या शेंगा फोडायला तिथंच घेऊन येई आणि शेजारच्या मोकळ्या जागेशी बोलत बसे.

पुंजाच्या शेजारी मात्र दगड गारच. वर्षं गेली. शेवटी त्यानं कुसाबाईला विचारलं, "मैना माझ्यावर रागावली का गं?"

"जिवंतपणी कधी बसला होतास तिच्याजवळ? इथंही तुझी थापी चालूच असती."

दुसऱ्या दिवशी पुंजा हत्यारं घरी ठेवून गेला. नुसता बसला. तसाच रोज बसत राहिला.

चौऱ्याऐंशीच्या वैशाखात, भर दुपारी, त्याचा डावा दंड हळूहळू उबदार झाला. पुंजानं मान वळवली नाही.

"ऐसपैस बस," म्हणाला आणि थोडा सरकला.

तिथून पुढं गावातलं कुणी त्याच्या डावीकडं बसेना. परगावचं माणूस मयतीला आलं आणि नकळत तिथं टेकलं, तर घटकाभरात आपणहून उठे. का उठलो, ते त्याला सांगता येत नसे.